जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड्स: परवडणारा फिल्म स्कॅनर कसा निवडायचा?

'कोणता स्कॅनर घेऊ?' असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, 'डब्यात नक्की आहे काय?' बहुतेकांना ते माहीत नसतं. माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे, त्यात स्टुडिओची पाकिटं आहेत आणि आजोबांच्या वेळचं काहीतरी मोठ्या साइजचं आहे, इतकंच उत्तर येतं. आणि मशीनचा सगळा हिशोब तर नेमका त्यावरच बसतो.

नाशिकच्या जुन्या घरांत हा ऐवज भरपूर निघतो. 1991चा सिंहस्थ रोलवर काढला गेला, 2003चाही बराचसा रोलवरच. 2015 उजाडेपर्यंत रामकुंडावर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते. म्हणजे मुंज, लग्न, वणीची वारी, रंगपंचमीची रहाड, त्र्यंबकच्या सहली, 2000च्या आसपासपर्यंतचं सगळं पट्ट्यांमध्ये अडकलंय. गिर्यारोहक, पक्षीनिरीक्षक, डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळींकडे स्लाइड्सही असतात. नांदूर मध्यमेश्वरला टेलिलेन्स घेऊन जाणाऱ्यांच्या जुन्या पिढीने तर स्लाइडच वापरली.

पहिलं काम: डबा उघडून मोजदाद

हे काम पावसाळ्यात काढू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बंद पाकिटं उघडली की फिल्म ओलावा धरते, वळते आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बसा. टेबलावर पांढरा कागद, शेजारी खिडकी किंवा पूर्ण पांढरा स्क्रीन लावलेला टॅब्लेट, हातात सुती मोजे. एवढ्यावर काम भागतं.

एक पट्टी कडेने धरून उजेडासमोर घ्या. दोन्ही बाजूंना भोकांची रांग असेल तर ती 35 एमएम. फ्रेम 24 बाय 36 मिलिमीटर, पट्टीवर साधारण चार ते सहा फ्रेम. पट्टीचा रंग केशरी-तपकिरी असेल तर रंगीत निगेटिव्ह. करडी किंवा जवळजवळ पारदर्शक असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. कडेला बारीक अक्षरं दिसतील: कोडॅक, फुजी, कोनिका, ऑर्वो. कधी 'इंदू'ही दिसेल, म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा रोल. खालच्या कडेला 1, 1ए, 2, 2ए असे आकडे असतात, ते पुढे फाइलला नाव देताना कामी येतात. अक्षरं सरळ वाचता येत असतील तर तुमच्या समोर फिल्मची चकचकीत बाजू आहे. उलटी दिसत असतील तर मंद, किंचित खरखरीत वाटणारी इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची बाजू. या बाजूला बोट लावायचं नाही. चकचकीत बाजूवरचा ठसा कधीतरी निघतो, इमल्शनवरचा बहुधा कायमचा.

भोकं नसलेली, रुंद, रोलला बारा चौकोनी फ्रेमवाली फिल्म निघाली तर ती 120. आपल्याकडे ती बहुतेक वेळा आग्फा क्लिक थ्रीची असते. घरटी एक असायचा तो डबा कॅमेरा. फ्रेम जवळपास 56 बाय 56 मिलिमीटर, 35 एमएमपेक्षा साडेतीन पटीहून जास्त क्षेत्रफळ. 1969च्या महापुरात गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला होता, त्या वेळचे फोटो एखाद्या घरात असतील तर ते बरेचदा याच साइजमध्ये सापडतील. आणि नखाएवढ्या, 13 बाय 17 मिलिमीटरच्या फ्रेम असतील तर ती 110. ही स्कॅन करायला सगळ्यात कटकटीची, कारण बऱ्याच मशीनसोबत तिचा होल्डर येतच नाही.

स्लाइड ओळखायला सोपी: दोन इंची चौकोनी चौकट, पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची, आत खऱ्या रंगातलं चित्र. चौकटीवर 'कोडाक्रोम' छापलेलं असेल तर त्या स्लाइड्स वेगळ्या ठेवा, कारण पुढे येईल. काचेत बसवलेल्या स्लाइड्सही वेगळ्या. त्या जाड असतात आणि काही मशीनमध्ये शिरत नाहीत.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. तो रोल बाकीच्यांपासून लगेच दूर करा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. ही कीड थांबत नाही, शेजारच्या रोललाही तो वास भोवतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटलेली नक्षी दिसली तर ती बुरशी. ती इमल्शन खाऊन बसली असेल तर पुसून जात नाही, सॉफ्टवेअरमध्येच काय ते करायचं. पुराचं पाणी लागून एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या मात्र ओढून सोडवू नका. घरचे प्रयोग तिथे चालत नाहीत, ते काम जाणकाराकडेच द्यावं.

मग एका वहीत लिहा: 35 एमएम रंगीत किती रोल, ब्लॅक अँड व्हाइट किती, स्लाइड्स किती, 120 किती. या चार आकड्यांशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

खोक्यावरचा डीपीआय आणि खरा डीपीआय

नवखा माणूस हमखास फसतो ती ही जागा, म्हणून इथे जरा थांबू.

डीपीआय म्हणजे एका इंचात मशीन किती ठिपके वाचतं. 35 एमएमची फ्रेम लांबीला जेमतेम 1.4 इंच. खरोखरचे 2400 डीपीआय मिळाले तर चित्र साधारण 3400 बाय 2270 पिक्सेलचं होतं, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर साधारण तेवढेच पिक्सेल असतात. कागदावर 300 डीपीआयने छापलं तर सुमारे 11 बाय साडेसात इंच. दिवाणखान्यात लावायच्या फ्रेमला हे पुरतं. 3600 डीपीआयला 17 मेगापिक्सेल होतात आणि तिथे घरगुती कॅमेऱ्याने काढलेल्या बहुतेक निगेटिव्हमध्ये वाचण्यासारखं उरतंच कमी. साध्या लेन्सचा कॅमेरा, हलता हात आणि 400 स्पीडचा रोल यांतून जे आलंय त्याच्यापलीकडे मशीन काही काढू शकत नाही.

आता खोक्यावर काय लिहितात ते पाहा. एप्सन परफेक्शन व्ही600 या फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर 6400 डीपीआय लिहिलेलं असतं. रेषांचा तक्ता ठेवून तपासलं तर हाती लागतात साधारण 1500-1600. प्लस्टेक ऑप्टिकफिल्मच्या 8100 आणि 8200आय या मशीनवर 7200 लिहितात, प्रत्यक्षात तीन हजारांच्या थोडं वर जातं. यात फसवणूक अशी नाही. सेन्सर तेवढे ठिपके मोजतो हे खरं, पण त्याच्या पुढची लेन्स तेवढं बारीक दाखवत नाही. परिणाम असा, की व्ही600ला 6400वर स्कॅन केलं तर फाइल अवाढव्य होते, वेळ तिप्पट लागतो आणि तपशील जराही वाढत नाही.

मग व्ही600 टाकाऊ का? तुमच्या वहीतल्या आकड्यांवर ते ठरतं. खरे 1560 डीपीआय धरले तर 35 एमएममधून सव्वातीन मेगापिक्सेल येतात. पोस्टकार्ड साइज छान, पाच बाय सात इंचही चांगला, त्यापुढे ओढाताण. पण हेच मशीन क्लिक थ्रीच्या 120 निगेटिव्हमधून पावणेबारा मेगापिक्सेल देतं, बारा इंची चौकोनी प्रिंट निघेल एवढे. म्हणजे डब्यात 120 जास्त असेल तर फ्लॅटबेड घ्या, नुसती 35 एमएम आणि स्लाइड्स असतील तर त्यासाठीचंच वेगळं मशीन घ्या. माझं मत विचाराल तर निवडीचा निम्मा प्रश्न या एका वाक्यात सुटतो.

दुसरा आकडा डीमॅक्स, म्हणजे फिल्मच्या किती काळ्या भागातून मशीन तपशील वाचू शकतं. निगेटिव्हला याची फार गरज पडत नाही. स्लाइडला पडते. अंजनेरीच्या कड्याची सावली, देवळाच्या गाभाऱ्यातला अंधार, अशा जागी स्वस्त मशीन सरळ काळा डाग दाखवतं. खोक्यावरच्या या आकड्यावरही फार विसंबू नका. स्वतःची एक गडद स्लाइड खिशात ठेवा आणि तीच लावून बघा.

बाजारात काय काय मिळतं

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. घरी प्रिंटरला जोडून असलेला साधा स्कॅनर निगेटिव्ह वाचत नाही. तो खालून उजेड टाकून परत आलेला उजेड वाचतो. फिल्मच्या आरपार उजेड जावा लागतो, त्यासाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर हवा. कॉम्प्युटरच्या दुकानातला संवाद ठरलेला असतो:

"दादा, याच्यात निगेटिव्ह होते का?"

"होते की. स्कॅनरच आहे तो."

त्यावर झाकण उघडून दाखवायला सांगा. आतल्या बाजूला नुसती पांढरी गादी असेल तर निगेटिव्ह होणार नाही. गादी काढल्यावर खाली दुधी पट्टी दिसली आणि सोबत प्लॅस्टिकचे होल्डर असतील, तरच पुढचं बोला. एप्सनचाच व्ही39 दिसायला देखणा आणि स्वस्त आहे, पण त्याच्या झाकणात दिवा नाही.

पडदा असलेले छोटे डबे: कोडॅकच्या नावाने स्लाइड अँड स्कॅन येतो, तशाच बनावटीचे आणखीही आहेत. हा खरं तर स्कॅनर नाहीच. आत मोबाइलसारखा एक छोटा कॅमेरा आहे, तो फिल्मचा फोटो काढतो. कॉम्प्युटर लागत नाही, एका फ्रेमला काही सेकंद, मेमरी कार्डवर थेट जेपीजी. '14/22 मेगापिक्सेल' लिहिलेलं असेल तर खरे 14. 22 हे फुगवलेले. पांढरे भाग उडतात, रंग आपल्या मर्जीने लावतो, धूळ काढत नाही. तरी मी या डब्याला नावं ठेवत नाही. घरात वीस-तीस रोल आहेत, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचेत, आणि करणारे सत्तरीचे काका आहेत, तर यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही. नंतर यातल्या निवडक पन्नास फ्रेम चांगल्या ठिकाणी पुन्हा स्कॅन करून घेता येतात.

फ्लॅटबेड: व्ही600 हे यातलं ओळखीचं नाव. होल्डरमध्ये 35 एमएमच्या दोन पट्ट्या, म्हणजे बारा फ्रेम, किंवा चार स्लाइड्स बसतात, 120ही होते. शिवाय अल्बममधले फोटो, जुनी पत्रं, पत्रिका, सगळं याच काचेवर. ज्या घरात निगेटिव्ह हरवल्यात आणि फक्त प्रिंट उरलेत, त्यांना दुसरा पर्याय शोधायचं कारण नाही. वरचा व्ही850 चांगला आहे, पण किंमत ऐकून 'परवडणारा' हा शब्द मागे घ्यावा लागतो.

फक्त 35 एमएमचं मशीन: प्लस्टेकचे 8100 आणि 8200आय. पावाच्या लादीएवढा डबा, बाजूने होल्डर सरकवायचा, प्रत्येक फ्रेम हाताने पुढे ढकलायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्या पैशात 35 एमएमसाठी याच्याइतका तपशील देणारं नवं मशीन माझ्या माहितीत नाही. दोघांतला फरक एकच आणि महत्त्वाचा: 8200आयमध्ये धूळ ओळखणारा इन्फ्रारेड आहे, 8100मध्ये नाही.

कॅमेऱ्याने स्कॅन: घरात कुणी फोटोग्राफर असेल आणि त्याच्याकडे मॅक्रो लेन्स असेल तर मशीन घेऊच नका. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 35 एमएमची फ्रेम पूर्ण भरून घेतली तर ते चार हजार डीपीआयच्या वर जातं. लागतं काय, तर सपाट पांढरा दिवा, फिल्म सपाट धरणारा होल्डर आणि ट्रायपॉड किंवा कॉपी स्टँड. दिवा घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 95 किंवा जास्त बघा, नाहीतर रंगीत निगेटिव्हच्या चेहऱ्यांवर हिरवट झाक येते ती काही केल्या जात नाही. आयएसओ 100, एफ/8, रॉ फाइल, खोलीतला बाकी उजेड बंद. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का हे बघायची एक सोपी युक्ती आहे: फिल्मच्या जागी छोटा आरसा आडवा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर चित्राच्या मध्यावर दिसलं की काम झालं. उलटं चित्र सुलटं करायला डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात निगाडॉक्टर नावाचा भाग याचसाठी आहे. लाइटरूम वापरणारे निगेटिव्ह लॅब प्रो विकत घेतात. वेगाच्या बाबतीत हा मार्ग बाकी सगळ्यांना मागे टाकतो. शिकायला मात्र थोडा वेळ जातो.

मोबाइलने निगेटिव्हचे फोटो काढणं हे छाननीपुरतं ठीक. फिल्म थेट टॅब्लेटच्या काचेवर ठेवली तर स्क्रीनचे ठिपके चित्रात उतरतात. मध्ये दोन इंच अंतर सोडा किंवा दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेले असतात.

धूळ

स्कॅनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे धूळ, आणि तिच्याबद्दल खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही. पडद्यावर फ्रेम मोठी करून पाहिली की लग्नातल्या काळ्या कोटावर पांढऱ्या कणांचा सडा दिसतो. एकेक कण माउसने पुसत बसलं तर एका फ्रेमला अर्धा तास जातो.

यावर उपाय इन्फ्रारेड. मशीन फिल्मचा एक जास्तीचा स्कॅन इन्फ्रारेड उजेडात घेतं. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून तो उजेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात. त्यामुळे धूळ कुठे आहे याचा नकाशाच मिळतो आणि सॉफ्टवेअर तेवढी जागा आजूबाजूच्या तपशिलाने भरतं. एप्सनमध्ये याला डिजिटल आइस म्हणतात, प्लस्टेकसोबतच्या सिल्व्हरफास्ट या सॉफ्टवेअरमध्ये आयएसआरडी. स्कॅनचा वेळ दुप्पट-तिप्पट होतो, पण हाताची मेहनत वाचते ती कितीतरी पट.

याच्या दोन मर्यादा. नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर हे चालत नाही, कारण त्यात चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. मशीनला सगळा फोटोच धूळ वाटतो. कोडाक्रोमवरही गडबड होते, तिचा निळसर रंग इन्फ्रारेड शोषतो. म्हणून त्या स्लाइड्स वेगळ्या ठेवायला सांगितलं होतं. सरळ अर्थ असा की डब्यात बहुतांश ब्लॅक अँड व्हाइट असेल तर इन्फ्रारेडसाठी जास्त पैसे मोजू नका, 8100 पुरे. रंगीत असेल तर इन्फ्रारेड नसलेलं मशीन स्वस्त असलं तरी महागात पडतं.

मशीन कोणतंही असो, मूळ धूळ कमी करायलाच हवी. पंखा बंद. फरशी ओल्या फडक्याने पुसून मग अर्ध्या तासाने काम सुरू. गंगापूर रोडकडे किंवा जिथे नवी बांधकामं चालली आहेत तिथे खिडक्याही बंद ठेवा. रबरी ब्लोअरने फिल्मवर हवा मारा. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे थेंब उडतात. मळ चिकटलेलाच असेल तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापडाच्या टोकावर अगदी थोडं, आणि आधी एखाद्या वाया गेलेल्या फ्रेमवर चाचणी. पाणी किंवा चष्म्याचा स्प्रे वापरू नका.

घ्यायचा, की लॅबला द्यायचं?

समजा तुमच्याकडे 36 फ्रेमचे 40 रोल आहेत. 1440 फ्रेम झाल्या. एका फ्रेमला लावणं, स्कॅन, जरा रंग बघणं धरून तीन मिनिटं लागली तर 72 तास. रोज रात्री एक तास दिला तरी अडीच महिने सरळ जातात, मध्ये एकही लग्नसराई आली नाही असं धरून. मशीन समजा 40 हजारांना पडलं तर फ्रेममागे सुमारे 28 रुपये. लॅबचा फ्रेममागचा दर विचारा आणि या आकड्याशेजारी ठेवा. दर विचारताना तीन गोष्टी पक्क्या करा: किती पिक्सेलची फाइल मिळेल, धूळ काढून मिळेल का, आणि जेपीजी की टिफ (तपशील न गाळणारी मोठी फाइल). 'हाय रिझोल्युशन' या शब्दाला काही अर्थ नसतो, पिक्सेलचा आकडा मागा.

दहा रोलच्या आत असेल तर मी लॅबच म्हणेन. पोस्टाने पाठवण्यापेक्षा सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या कुणाच्या हाती द्या; निगेटिव्हची दुसरी प्रत नसते. पन्नास रोलच्या वर असेल तर मशीन घ्या. मधल्यांनी भागीदारी करावी: दोन-तीन नातेवाईक मिळून एक मशीन, प्रत्येकाकडे दोन महिने. काम संपलं की विकून टाका. चांगल्या स्थितीतले फिल्म स्कॅनर सेकंडहँड बाजारात पडून राहत नाहीत.

नाशिकमध्ये महात्मा गांधी रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड भागातल्या दुकानांत कागदपत्रांचे स्कॅनर रांगेने दिसतील, फिल्मचा क्वचितच. मागवून देतात. तेव्हा वॉरंटी भारतातली आहे का आणि बिघडलं तर जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, हे बिल फाडण्याआधी विचारा. परदेशातून कुणी आणणार असेल तर अडॅप्टरवर 100-240 व्होल्ट लिहिलंय का बघायला सांगा. मुंबईला फेरी होणारच असेल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे सेकंडहँड मालाची चौकशी करता येते.

जुनं मशीन घेताना तुमची एक पट्टी आणि लॅपटॉप सोबत न्या आणि विकणाऱ्यासमोर पूर्ण स्कॅन करून बघा. नुसता दिवा लागला, मोटर फिरली, यावर पैसे देऊ नका. फ्लॅटबेडच्या काचेच्या आतून धुरकट थर आहे का ते टॉर्चने तिरका उजेड टाकून पाहा. आतला थर बाहेरून पुसला जात नाही. होल्डर सगळे आहेत ना, त्यांच्या खुंट्या तुटल्या नाहीत ना? होल्डरशिवाय मशीन म्हणजे निम्मं मशीन, आणि सुटे होल्डर मिळवताना नाकी नऊ येतात. काही मॉडेलना वाहतुकीसाठीचं लॉक असतं, घरी आणताना ते लावा आणि चालू करण्याआधी आठवणीने काढा.

निकॉन कूलस्कॅनचं नाव ऐकून भुलू नका. मशीन आजही अप्रतिम आहे, चार हजार डीपीआय खरे देतं. पण निकॉनने हा धंदा केव्हाच बंद केला, मूळ सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर धड चालत नाही, आतल्या आरशावर धूळ बसली की चित्रात उजेड पसरतो आणि ते उघडून साफ करणारा माणूस सहज मिळत नाही. घ्यायचाच तर यूएसबीचा कूलस्कॅन व्ही किंवा 5000. एससीएसआय केबलच्या जुन्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. असेच फिल्म स्कॅनर बनवणाऱ्या कोनिका मिनोल्टाने तर 2006मध्येच फोटोच्या व्यवसायातून अंग काढून घेतलं. अशा सगळ्या जुन्या मशीनना व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर चालवतं. त्याची चाचणी आवृत्ती फोटोवर छाप मारते, पण मशीन तुमच्या कॉम्प्युटरशी बोलतंय की नाही एवढं फुकटात कळतं. प्लस्टेक जुना घेत असाल तर सिल्व्हरफास्टचा सीरियल नंबर मागून घ्या.

पहिला रोल

सुरुवात लग्नाच्या रोलने करू नका. सहलीचा, फारसा जीव नसलेला एखादा रोल घ्या. पट्टी होल्डरमध्ये कोणत्या बाजूने बसवायची ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. एप्सनमध्ये चकचकीत बाजू खाली, काचेकडे. पट्टी वळलेली असेल तर बटर पेपरच्या पाकिटात घालून जाड पुस्तकाखाली दोन दिवस ठेवा. वळलेल्या फिल्मचा मध्यभाग काचेला टेकला तर चित्रात इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात.

सेटिंग थोडक्यात: फ्लॅटबेडवर 2400 डीपीआय, प्लस्टेकवर 3600. रंगीत असेल तर इन्फ्रारेड चालू, ब्लॅक अँड व्हाइटला बंद. शार्पनिंग बंद, ते नंतर करता येतं. सॉफ्टवेअरमध्ये फिल्मचा प्रकार बरोबर निवडलाय ना, हे प्रत्येक रोलला बघा. निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह निवडलं गेलं तर केशरी भुतं दिसतात. सॉफ्टवेअर दाखवतं त्या उजेडाच्या आलेखात (हिस्टोग्राम) पांढरी आणि काळी टोकं कापली जात नाहीत एवढं पाहिलं की पुढे चला. प्रत्येक फ्रेमचे रंग तिथेच घोटत बसलात तर दुसरा रोल कधी लागायचाच नाही.

3600 डीपीआय आणि 48 बिटच्या टिफ फाइलला प्रत्येकी शंभर एमबीच्या वर जागा लागते. 1440 फ्रेमचे दीडशे जीबी होतात. सगळ्यांना एवढा थाट नको. सरसकट चांगल्या दर्जाचं जेपीजी करा, निवडक फ्रेमना टिफ.

फाइलचं नाव पाकिटाशी जुळवा. पाकिटावर पेन्सिलीने 017 लिहिलंत तर फाइल 017-04, म्हणजे सतराव्या पाकिटातली चौथी फ्रेम. साल माहीत असेल तर पुढे जोडा. कॉम्प्युटर फाइलवर स्कॅन केल्याची तारीख टाकतो, त्यामुळे साल नावात नसलं तर 1988ची मुंज यंदाच्या फोटोंमध्ये जाऊन बसते. फोटोतली माणसं कोण, हे विचारायला घरातल्या वडीलधाऱ्यांना लॅपटॉपसमोर बसवा आणि ते बोलतील तसं लिहून घ्या. या कामाला मशीनपेक्षा जास्त घाई आहे.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकू नका. पीव्हीसीची मऊ, वासाची पाकिटं सोडून पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक बाह्या किंवा कागदी पाकिटं घ्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा माळ्यावर न ठेवता कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये फिल्म अक्षरशः भाजून निघते. सिलिका जेल दर पावसाळ्याआधी बदला. फाइलींच्या दोन प्रती करा, एक हार्ड डिस्क घरात आणि दुसरी वेगळ्या गावातल्या बहिणीकडे किंवा मुलाकडे.